पोवळ्याच्या टाकीला कुलूप

माझ्या सासऱ्यांनी हॉलमधल्या काचेच्या टाकीला कुलूप लावलं, ते माझ्यासाठी. चोरासाठी नाही, शेजारच्या पोरांसाठी नाही, आणि मांजर तर आमच्या बिल्डिंगमध्ये नव्हतंच. बॅगेला लावतात तसलं इवलंसं कुलूप, टाकीच्या लाकडी झाकणाच्या कडीत अडकवलेलं, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. मी ऑफिसमधून आलेले, चपला काढत होते, तेव्हा ते दिसलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुलूप लागेपर्यंत काय काय झालं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई भांडकुदळ दिसते. आहे थोडी. पण उगीच नाही.

केबलवाल्यांच्या वायरी नुकत्या गच्चीगच्चीवरून लोंबायला लागलेल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि हॉलमध्ये भिंतभर टाकी. सासरे जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. अर्धं आयुष्य पाण्यावर काढलं आणि रिटायर झाल्यावर त्यांना जमिनीवर करमेना. दुसऱ्यांकडे गोल्डफिश असायचे. यांची टाकी खाऱ्या पाण्याची. मीठ त्यांच्या जहाजावरच्या मित्रांकडून परदेशातून यायचं, पाकिटातून, आणि पलंगाखाली ठेवलेलं असायचं. साधं मीठ चालायचं नाही म्हणे.

टाकीत मासे थोडेच. खरा जीव होता तो पोवळ्यांवर. पोवळं म्हणजे अंगठीत घालतात तो लाल खडा, एवढंच मला ठाऊक. पण ही जिवंत पोवळी होती. एक मोठं, गोल, वरून वळ्यावळ्यांचं, तपकिरी, जवळजवळ काळपटच. दुसरं हिरवट. दिवसा दगड दिसायचे आणि संध्याकाळ झाली की अंगातून बारीक बारीक बोटं बाहेर काढायचे. शिवाय शंखात राहणारे खेकडे होते, गोगलगाई होत्या. सासरे खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसायचे. त्यांच्या घरच्या माणसांकडे त्यांनी इतकं कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली. आमचं लव्ह मॅरेज. नवऱ्याला मी घरात ‘अहो’ म्हणायचे आणि जिन्यात ‘अरे’. लग्नानंतर पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तोच विनोद केला, “वा, कोळ्यांची लेक आली, आता टाकीला घरचं माणूस मिळालं!” डोंबल मिळालं. आमच्या खाडीत चिखल, कोळंबी आणि चिखलात सरपटणाऱ्या निवट्या. पोवळं आमच्या कुळात कुणी पाहिलेलं नाही. मी तसं सांगून टाकलं तर नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या, “म्हणजे तोही उपयोग नाही.”

सासऱ्यांनी विनोद वगैरे काही केला नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं, “टाकीत हात घालायचा नाही. हाताचं तेल, साबण, मासळीचा वास, यातलं काही या जिवांना चालत नाही.” मासळीचा वास! त्या घरात मासळी शिजत नव्हती आणि मी तर लग्नानंतर माहेरी गेलेलेही नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन हात नाकाशी धरून पाहिले. फोडणीचा हिंग, दुसरं काही नाही.

सासूबाई मात्र गरीब गाय. त्यांचा आवाज मी सहा महिन्यांत ओट्यापलीकडे ऐकला नव्हता. त्यांची एकच हौस, तांब्याची घागर. रोज सकाळी चिंच लावून लखलखीत घासायच्या, नळ आला की ताजं पाणी भरायच्या, त्यावर झाकण. बाहेरून कुणीही आलं, अगदी वीजबिल घेऊन आलेला माणूससुद्धा, की आधी त्या घागरीतलं पाणी तांब्याच्या फुलपात्रातून त्याच्या हातात. कालचं पाणी त्यांच्या लेखी शिळं. शिळं पाणी माणसाला काय, तुळशीलाही घालायच्या नाहीत. ओतून टाकायच्या. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असताना मला ते बघवायचं नाही, पण त्यांना कोण सांगणार.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जायचं. मीठ उडत नाही, पाणी उडतं, म्हणून वरून रोज गोडं पाणी घालून पातळी सारखी करायची. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून सासरे प्लास्टिकची एक बादली दोन दिवस बाल्कनीत उघडी ठेवायचे. “हेच पाणी घालायचं,” असं त्यांनी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, आणि ते सकाळी फिरायला गेले की त्या घालायच्या. टाकीला हात लावायची मुभा असलेलं घरातलं दुसरं माणूस म्हणजे त्या.

एकदा जेवणानंतर टाकीचे दिवे मालवले तेव्हा सासऱ्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं. हिरवट पोवळ्यातून एक लांबच लांब दोरा बाहेर आलेला, आणि तो शेजारच्या तपकिरी पोवळ्याच्या दिशेने हलत होता. “बघ,” ते म्हणाले, “हा भाजतो. शेजारी आपल्यातला नाही असं कळलं की दोरा सोडतो आणि त्याला भाजून काढतो. मध्ये वीतभर अंतर ठेवावं लागतं. वस्तू सुंदर दिसली म्हणून घरात आणून चालत नाही. आधी गुण जुळतात का ते बघावं लागतं.”

हे सगळं अगदी साध्या आवाजात, काचेकडे बघत. आमची पत्रिका कुणी पाहिली नव्हती, हे त्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं. नवरा मान हलवत राहिला. मी आत जाऊन भांडी अशी घासली की खालच्या मजल्यावरची बाई दुसऱ्या दिवशी विचारायला आली, काय पडलं गं?

तो उन्हाळा वाईट होता. नळ सकाळी जेमतेम यायचा. आणि त्याच उन्हाळ्यात तपकिरी पोवळ्याचा रंग बदलायला लागला. आधी काळपटपणा गेला. मग बदामी झालं. मग कडेने फिकट गुलाबीसर, निळसर अशी झाक आली. खरंच देखणं दिसायला लागलं. सासरे खूश. त्यांना वाटलं, नवी ट्यूबलाइट मानवली. बिल्डिंगमधल्या लोकांना बोलावून दाखवलं. आत्या आल्या, त्यांनी काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, कसं उजळलंय! केवढं काळं होतं मेलं.” आणि मग माझ्याकडे वळून, “काय लावतात गं त्याला? विचारून ठेव.”

सगळे हसले. सासरेही हसले. मी सावळी आहे. सावळी म्हणणारे सभ्य, बाकीचे काळीच म्हणतात. मी पोह्यांच्या बश्या गोळा केल्या आणि आत गेले. सासूबाई तिथे होत्या. माझ्या बशीत त्यांनी जास्तीचं खोबरं घातलं. ते मी विसरलेले नाही.

पण पोवळं उजळायचं थांबेना. गुलाबीही गेलं आणि चुन्यासारखा पांढरा डाग दिसायला लागला. संध्याकाळी बोटं बाहेर येईनाशी झाली. मग एक खेकडा मेला. शंखातून अर्धा बाहेर लोंबत पडलेला. मग गोगलगाई काचेवरून सुटून खाली पडल्या त्या उठल्याच नाहीत. मासे मात्र मजेत, खाणं टाकलं की वर उड्या. सासऱ्यांचं धाबं दणाणलं. आधी त्यांना वाटलं, शेजाऱ्याने भाजलं. दोन्ही पोवळी टाकीच्या दोन टोकांना नेली. हिरवटही फिकट पडायला लागलं. मग ट्यूब बदलली. मग मीठ मोजलं, पुन्हा मोजलं. घरात उदबत्ती बंद, कासवछाप बंद, फिनेल बंद. डासांनी आम्हाला फोडून काढलं.

आणि मग त्यांना माझं बोलणं आठवलं.

झालं असं होतं, की एका सकाळी मला ऑफिसला जायचं, अंगावर पाणी घ्यायला बाथरूममध्ये गेले तर बादली गायब. ती बाल्कनीत, टाकीसाठी. अंघोळ तशीच टाकून मी बाहेर आले आणि म्हणाले, “फुटली ही टाकी तर सुटेन एकदाची.” म्हणाले, नाही असं नाही. कुणीही म्हणालं असतं. पण आता खेकडे मेल्यावर ते वाक्य घरात फिरायला लागलं. आत्यांनी फोनवरून सासऱ्यांना आठवण करून दिली. सासरे माझ्याशी बोलायचे थांबले. मी हॉलमधून गेले की त्यांची मान माझ्यामागोमाग फिरायची. मी ठाण्याला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. दिवसभर दुसऱ्यांवरचे आरोप टाइप करायचे, आणि घरी येऊन बघते तर काय, प्रतिवादी मीच.

आणि मग ते कुलूप.

मी तिथेच चपला हातात घेऊन विचारलं, “बाबा, हे काय?”

“काळजी,” ते म्हणाले.

“कुणापासून?”

ते पेपर वाचत राहिले. सासूबाई घागरीतलं पाणी घेऊन आल्या. मी पाणी न घेता आत गेले. त्या रात्री जेवताना सासऱ्यांनी मुलाला सांगितलं, माझ्याकडे न बघता, “हे पोवळं पूर्ण पांढरं पडलं की ते गेलं. ते गेलं, तर मग मी काही बोलणार नाही. तुम्ही तुमचं समजून घ्या. एका छपराखाली सगळ्यांचं जमतंच असं नाही.”

नवऱ्याने घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो दिवा स्टेशनपाशी खोल्या बघायला लागला. दिव्यात भाडी कमी, पण तेव्हाचा दिवा म्हणजे पाण्याची मारामार, टँकर आला की हंडे घेऊन धावायचं. एक खोली त्याने पसंत केली. मालकाला सांगून आला की थोडे दिवस थांबा. थांबा म्हणजे काय, तर पोवळं पांढरं होईपर्यंत. मी माझी बॅग पलंगावर काढून ठेवली. अर्धी भरली, अर्धी तशीच. माहेरी गेले तर आई म्हणाली, “ये गो बाय, घर तुजंच हाय.” पण मला माहेरही नको होतं आणि दिवाही. मला ते घर हवं होतं. खोटं कशाला बोलू, लग्न करून आलेलं माझं घर होतं ते, आणि मला चोरासारखं तिथून बाहेर पडायचं नव्हतं.

मग सुरू झालं ते सगळ्यात वाईट. मी रोज सकाळी उठले की आधी टाकीपाशी. ज्या पोवळ्याचा मला वीट आलेला, त्याच्यातला तपकिरी रंग मी शोधायचे. आज किती उरलाय? कालच्यापेक्षा कमी? जीव टांगणीला लागलेला. एकदा सासरेही तिथेच येऊन उभे राहिले. आम्ही दोघं शेजारी शेजारी, एकाच डागाकडे बघतोय. त्यांच्या डोळ्याखाली काळी वर्तुळं आलेली. मला क्षणभर दया आली त्यांची. मग कुलूप दिसलं आणि गेली.

एक विचार मात्र मला धीर द्यायचा. कुलूप लागलंय, किल्ली त्यांच्या जानव्याला, ते फिरायला गेले की पाण्यापुरती तेवढी आईंकडे, तरी पोवळं पांढरं पडतच आहे. म्हणजे मी नव्हे, हे तरी आता यांना कळायला हवं. मी नवऱ्याकरवी तसं सांगितलं. सासरे म्हणाले, “जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय.” घ्या!

त्या रविवारी ते दादरला गेले. जहाजावरचा त्यांचा जुना मित्र तिथे राहायचा, त्यालाही हाच नाद. जाताना नेहमीसारखी किल्ली सासूबाईंच्या हातात दिली, “पाणी तेवढं घाल.” नवरा दिव्याच्या खोलीवाल्याला भेटायला गेलेला. घरात आम्ही दोघीच.

मी तांदूळ निवडत बसलेले. सासूबाईंनी कुलूप काढलं. बाल्कनीतली बादली आणली आणि सरळ बाथरूममध्ये ओतून टाकली. मग स्वयंपाकघरातून घागर काखेत घेऊन आल्या, आणि ओठातल्या ओठात काही म्हणत फुलपात्राने टाकीत पाणी सोडायला लागल्या. एकेक, सावकाश, देवाला घालतात तसं.

“आई, बादलीतलं घालायचं ना?” मी विचारलं.

त्या दचकल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ते दोन दिवसांचं शिळं पाणी गं. जिवंत पोवळ्याला कुणी शिळं पाणी घालतं का? पोवळं म्हणजे मंगळाचं रत्न. मी पहिल्यापासून यातलंच घालते, उन्हाळ्यात तर जास्तच लागतं. हल्ली तर दोनदा घालते, ते फिरायला गेले की एकदा आणि ते परतायच्या आत देवपूजा झाली की एकदा, थोडं काढून थोडं नवं. त्यांना बोलू नकोस, ओरडतील.” आणि मग, डोळ्याला पदर लावून, “हे पोवळं बरं झालं की तुम्हाला जावं लागणार नाही. मी मंगळवारही धरलेत.”

सहा महिन्यांत त्या माझ्याशी इतकं बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या हातातली घागर घेऊन ओट्यावर नेऊन ठेवली. आम्हा दोघींनाही काही कळलेलं नव्हतं.

सासरे दुपारी टळटळीत उन्हात परत आले. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. नवरा त्यांच्या मागोमाग जिन्यातच आला. दार उघडताच ते माझ्यासमोर उभे राहिले.

“कळलं,” ते म्हणाले. “मी त्याला सांगितलं, मासे ठणठणीत आहेत, खेकडे मेले, गोगलगाई मेल्या, पोवळं पांढरं पडतंय. त्याने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, तांबं! पाण्यात तांबं गेलंय. माशांना थोडं सोसतं, पण या जिवांना ते विष. आणि पांढरं पडणं म्हणजे उजळणं नव्हे, म्हणाला, त्याचा जीव ज्यावर चालतो तो रंगच निघून चाललाय. जितकं देखणं दिसत होतं तितकं ते मरत होतं.” त्यांचा आवाज चिरकला. “कुणी टाकलं तांबं माझ्या टाकीत?”

“मला काय माहीत?” मी म्हणाले.

“तुला माहीत नाही? तुझ्या भावाची होडी आहे ना? होडीच्या तळाला तांब्याचा रंग लावतात. कशासाठी लावतात? कालवं, शंख चिकटू नयेत, मरावेत, म्हणून! या घरात हे कुणाला ठाऊक असणार? सांग!”

ते खरं होतं, तसला रंग असतो. मला ठाऊकही होता. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. मी काहीही बोलले तरी आता या माणसाच्या डोक्यातून हे जाणार नाही.

“आमच्या होडीला डांबर लावतात, बाबा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “तांब्याचा रंग मोठ्या ट्रॉलरला. आमची ऐपत नाही तेवढी.”

“खोटं बोलू नकोस!”

“बाबा, पुरे!” नवरा ओरडला. पहिल्यांदाच.

आणि या सगळ्यात, त्यांच्या सवयीने, माणूस उन्हातून आलंय म्हणून, सासूबाई पाणी घेऊन आल्या. सासऱ्यांनी न बघता हात पुढे केला, फुलपात्र तोंडाला लावलं, घटाघटा अर्धं प्यायले. माझी नजर सासूबाईंवर होती. त्या सासऱ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या दारातून आत, ओट्यावरच्या घागरीकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य, की मी सुटले. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या बाईचा चेहरा दिसला. मी तोंड मिटलं. आणि सासऱ्यांनी फुलपात्र खाली आणलं, त्यात बघितलं, बाहेरून बघितलं. चिंचेने घासलेलं, उन्हात चमकणारं.

“अगं,” ते सासूबाईंना म्हणाले, “टाकीत पाणी कुठलं घालतेस?”

“घागरीतलं.”

“बादलीतलं नाही?”

“ते शिळं असतं.”

सासरे मग उरलेलं पाणी प्यायले. सगळं. फुलपात्र टीपॉयवर ठेवलं आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की मी चमकले. “असू दे. तुला कुठे माहीत होतं. बस तू.”

असू दे!

आजही ते दोन शब्द आठवले की माझं डोकं फिरतं. मी बॅग आणायला आतच निघालेले, पण पाय वळले आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “आईंना असू दे, आणि मला कुलूप? का बाबा? त्यांनी तर पाणी घातलं होतं. मी काय केलं होतं? मी नुसती बोलले होते. तुम्ही मला विचारलं तरी का एकदा? माझ्या हाताला वास येतो, माझा भाऊ होडीवर, म्हणून मीच?” मी रडत होते आणि रडू येतंय म्हणून आणखी चिडत होते. नवऱ्याने “अगं” म्हणून हात धरला, मी तो झटकला. “तू गप्प बस. आता मला ऐकायचंय.”

सासरे खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात सासूबाई, ओट्यापलीकडे ज्यांचा आवाज कधी गेला नव्हता त्या, म्हणाल्या, “अहो, आधी तिच्याशी बोला. मी मारलंय ते. तिच्याशी बोलल्याशिवाय मी आज पान वाढणार नाही.”

त्यांनी कमरेची किल्ली काढून सासऱ्यांच्या मांडीवर टाकली.

त्यांनी किल्ली उचलली. मग ते उठले. कुलूप काढलं. झाकण उचललं, आणि काचेकडे तोंड करूनच म्हणाले, “चुकलं माझं. पाणी सगळं बदलायचंय, आत्ताच. मला वाकून जमत नाही. तुझे हात लागतील.”

“माझ्या हाताला मासळीचा वास येतो.”

“येऊ दे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदा नीट बघून, पुन्हा एकदा, “येऊ दे गं.”

मी त्यांना त्या दिवशी माफ केलं नाही. कुलूप उचलून पदराला बांधलं, ते अजून माझ्याकडे आहे. पण हात कोपरापर्यंत टाकीत घातले. पाणी कोमट होतं. तपकिरी पोवळं, म्हणजे जे तपकिरी होतं ते, मी दोन्ही हातांनी उचललं. वाटलं त्याहून जड, खरखरीत, वरून हाडासारखं पांढरं. सासऱ्यांनी चष्मा लावला. मी ते सावकाश उलटं केलं. खालच्या बाजूला, जिथे ते दगडाला टेकून होतं, तिथे नखाएवढा एक ठिपका होता. काळपट, ओला.

सासरे इतके वाकले की त्यांचा चष्मा पाण्यात पडायचा राहिला. “काळा आहे!” ते म्हणाले. “अगं, इकडे ये, बघ, इथे काळा आहे अजून! जिवंत आहे!” त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. त्या घरात तो शब्द इतक्या आनंदाने उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण ते एकदम थांबले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.

नवरा दाराशी उभा होता. “खोलीवाल्याला काय सांगू?” त्याने विचारलं.

माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी म्हटलं, “ते नंतर. आधी पलंगाखालचं मीठ काढ.”